कृष्णविवर आणि मामाजींची बांधी

विज्ञान कितीही अवघड असो, मी ते धानाच्या शेतात उभा राहून कुणालाही समजावू शकतो! ही फुशारकी मी पवनीच्या कॉलेजात रोज मारायचो. तशी वेळ मात्र आली ती आईसोबत एकोडीला मुलगी बघायला गेलो त्या दिवशी.

खुशबू मला बघताक्षणी आवडली. तिचं मत कळायचं होतं. तेवढ्यात तिचे बाबा, धनीराम, मला शेत दाखवायला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी रोपांची रोवणी, म्हणून वरची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, पाण्यानं काठोकाठ भरून ठेवलेली. धुरा, म्हणजे मातीचा बांध, तिचं पाणी खालच्या बांधीत जाऊ देत नव्हता.

"पोरायले काय शिकवता जी?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना लगेच मामाजी, म्हणजे सासरेबुवा, करून टाकलं. "मामाजी, हे विश्व कसं बुडेल, ते!"

"अरे बाप्पा! कायनं बुडते?"

"आपली निर्वात पोकळी कदाचित या वरच्या बांधीसारखी आहे. पाणी निवांत दिसतं, पण खरा तळ खालच्या बांधीत! धुरा शाबूत आहे तोवर युगानुयुगं काही होत नाही. पण बारीकसं कृष्णविवर म्हणजे धुऱ्यातलं खेकड्याचं बीळ. तिथूनच फुटायला सुरुवात होऊ शकते!"

"मले नाही समजलं जी."

शिक्षकाला यापेक्षा मोठं आव्हान नसतं! मी धुऱ्यात काठी खुपसली. करंगळीएवढी धार लागली.

"समजलं, समजलं! बुजवा आता!"

"थांबा, खरा मुद्दा पुढेच आहे!"

मुद्दा आला. धुऱ्याचं ढेकूळच निसटलं आणि पाणी धो धो खाली निघालं!

"माही रोवणी!" मामाजी किंचाळले.

खालची बांधी शेजारच्या गोपीचंदची. तो भलताच खूश. "येऊ द्या जी पाहुणे, येऊ द्या!"

मी चिखल टाकला, वाहून गेला. बूट कोंबला, तोही गेला. शेवटी नव्या पँटसकट मीच भगदाडात बसलो. पाणी थांबलं!

आरडाओरडा ऐकून खुशबू धावत आली.

"असा जावई नाही पायजे मले!" मामाजी म्हणाले.

खुशबूनं मला नीट न्याहाळलं. "काहून बाबा? केलं ते निस्तरून तर राहिले! मले पसंत आहेत."

काय सांगू तुम्हाला! आनंदानं मी ताडकन उभा राहिलो.

बांधी पार रिकामी झाली. पसंतीचं पुन्हा विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.