हेल्मेटसाहेबांनी वेग वाढवला

कारखान्यात त्यांना सगळे ‘हेल्मेटसाहेब’ म्हणत. पद सुरक्षा अधिकाऱ्याचं, म्हणजे दुसऱ्यांना सावध करायचा पगार (सावध करूनही अपघात व्हायचेच, तो भाग वेगळा). अशा माणसानं घरच्या कॉम्प्युटरला ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं ठरवलं, तेव्हाच कुणीतरी भोंगा वाजवायला हवा होता.

कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. बायकोचे वडील नुकतेच गेले होते. त्यांच्या आवाजाची एकुलती एक कॅसेट, तिची फीत इतकी जीर्ण की कॉम्प्युटरवर उतरवून होते न होते तोच तुटली. आता बाबा उरले होते ते त्या एका फाईलमध्ये. तिच्यातली खरखर काढायला कॉम्प्युटर गोगलगायीसारखा सरपटत होता.

“अहो, राहू द्या. खरखरीसकट ऐकेन मी.”

“तू फक्त बघत राहा. इंटरनेटवर लिहिलंय सगळं. ‘सुरक्षित पद्धत’, तेही ठळक अक्षरांत!”

(अशी ठळक अक्षरं लिहिणाऱ्या पंडितांना चौकात उभं करून जाब विचारला पाहिजे. पण खोटं कशाला बोला, त्यांनी खाली बारीक अक्षरांत हेही लिहिलं होतं: आधी फाईलची प्रत दुसरीकडे ठेवा, वेग थोडा थोडा वाढवा, आणि मेमरीची नीट चाचणी घेतल्याशिवाय कामाला बसू नका.)

साहेबांनी तयारी केली ती आगीची. रबरी हातमोजे चढवले, टेबलाशी वाळूची बादली ठेवली, बायकोला मेन स्विचपाशी उभं केलं. “धूर दिसला की बंद कर!” मग प्रोसेसर आणि मेमरी, दोघांचाही वेग एका दमात वाढवला.

धूर आला नाही. काम चुटकीसरशी संपलं. साफ केलेली फाईल साहेबांनी जुन्या फाईलच्या जागीच ठेवली, कारण अडगळ म्हणजे अपघाताला आमंत्रण! वर तीन प्रतीही काढल्या.

“लावा,” बायको म्हणाली.

किर्र. खट्. मग पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं काहीतरी.

“बाबा कुठायत?”

साहेबांनी हातमोजे काढले. मेहुण्याला फोन लावला. तो कॉम्प्युटरमधला माणूस, आणि बाप त्याचाही गेला होता.

“भावोजी, मेमरी पेट घेत नाही, ती मुकाट्यानं चुकते. चुकलेलंच तुम्ही साठवलंत. आधीची प्रत?”

“तीन आहेत ना!”

“कधी काढल्या?”

“वेग... वाढवल्यावर.”

मेहुणा म्हणाला, “बाबा दोनदा गेले, भावोजी. पहिल्यांदा निदान डॉक्टर तरी होते.”

त्या घरात मग ताट समोर यायचं, शब्द यायचा नाही. मेहुण्यानं फाईल नेली, पुष्कळ खटपट केली आणि एका रविवारी परत घेऊन आला.

“एवढंच वाचलं, ताई. एक वाक्य.”

त्यानं बटण दाबलं. खोली भरून बाबांचा आवाज आला, स्वच्छ, खाकरून बोलायची सवय होती तसाच:

“पोरी, माणूस चांगला आहे गं तुझा. फक्त त्याला म्हणावं, मदत करू नकोस.”

बायको हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि हसता हसता रडायला लागली. “पुन्हा लाव,” ती म्हणाली.

साहेब लगबगीनं पुढे झाले.

“तुम्ही नाही,” ती म्हणाली.