गुणाजीचं दुसरं पान

गुणाजी म्हात्र्याची पाठ धरली ती पायातला काटा काढताना. ज्या पाठीनं जन्मभर कोपरीच्या आगरातलं मीठ वाहिलं, तिनं बाभळीच्या एवढ्याशा काट्यापुढे हात टेकले. गुणाजी ओटीवर वाकला आणि वाकलेलाच राहिला. सरळ व्हायला गेला की कंबरेतून अशी कळ निघे की डोळ्यांपुढे काजवे चमकत.

"काय पडला? काय शोधताव?" बायकोनं, हौसाबाईनं, चुलीपासून विचारलं.

"माजी कंबर!" गुणाजी जमिनीला उद्देशून ओरडला.

त्या दिवसापासून त्याला जगातली एकच वस्तू दिसू लागली. स्वतःची पावलं. उठता-बसता, जेवता-खाता तीच दोन पावलं. माणसं घरी येत, विचारपूस करत, आणि गुणाजी त्यांना त्यांच्या चपलांवरून ओळखी. दुखणं सोसवलं असतं, पण माघ तोंडावर आला होता. माघात आगरातलं पहिलं मीठ ओढतात. त्या दिवशी बांधाच्या टोकाला जो शेंदूर फासलेला दगड आहे, त्या चेडोबापुढे नारळ फोडायचा मान म्हात्र्यांचा. चेडोबा आगराचा राखणदार, आणि भलता तापट. त्याच्यापुढे उभं राहून, नारळ डोक्याच्या वर धरून गाऱ्हाणं घालावं लागतं. वाकलेल्या माणसाचं गाऱ्हाणं तो ऐकत नाही. शेजारच्या आगराचा धोंडीबा रोज विचारपुशीला येई आणि जाताना म्हणे, "तू पडून ऱ्हा रे. नारलाचा मी बघतो." गुणाजीचं दुखणं त्या एका वाक्यानं दुप्पट होई.

खरं तर उपाय घरातच होता. पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाचा पाय पाठीला लागला की चमक जाते, हे कोपरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गावातला एक पायाळू म्हातारा पटकीच्या साथीत गेला होता. उरली एकटी गोदा. आणि गोदा ही गुणाजीची सून.

"सुनंची लाथ खाऊ?" गुणाजी जमिनीवर खेकसला. "त्यापरीस मना फाशी द्या!"

हे वाक्य त्यानं उच्चारायला नको होतं.

गोदाही काही तयार नव्हती. ती बोलायचीच कमी. बोलताना तुमच्याकडे न बघता तुमच्या खांद्यावरून मागे बघायची, जणू तिथं आणखी कुणी उभं आहे. पायाळूंना जमिनीतलं गाडलेलं दिसतं म्हणतात. गोदाला काय दिसे ते तिला विचारण्याची हिंमत कुणी केली नव्हती. तिचा नवरा आनंदा मिठाचा मचवा घेऊन वर्षातले बरेच महिने बाहेर असे. त्याचं कारण गाव आपापल्या परीनं लावी.

अखेर गुणाजी पंढरी गाडीवाल्याच्या बैलगाडीतून ठाण्याच्या दवाखान्यात गेला. तिथले गोपीनाथराव डॉक्टर विलायती पुस्तकं वाचून नवनवे उपाय करत.

"हे पाहा गुणाजी," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या कण्याला विश्रांती हवी. आम्ही तुम्हांला टांगू. कणा ताणला गेला की धडाभोवती ओल्या पिठाच्या पट्ट्या गुंडाळू. वाळल्या की दगडासारखं कवच तयार होईल. चैत्र संपेपर्यंत ते अंगावर ठेवायचं. वाकायचं नावसुद्धा घ्यायचं नाही."

"टांगनार?" गुणाजीनं डॉक्टरांच्या बुटांना विचारलं. "कशाला धरून?"

"हनुवटीला आणि काखांना. पट्टे मऊ आहेत."

गुणाजी दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला. पायांपाशी मुंग्यांची रांग चालली होती. एकीकडे टांगणं, एकीकडे सुनेचा पाय. मुंग्या निघून गेल्या तरी निकाल लागेना. शेवटी त्याला धोंडीबाच्या हातातला नारळ दिसला आणि तो आत गेला.

पंढरी गाडीपाशी थांबला होता. थांबून कंटाळला, म्हणून खिडकीशी गेला. आत पाहतो तो काय! तिपाईसारख्या तीन खांबांना गुणाजी लटकलेला, पायाचे अंगठे जमिनीला टेकतात न टेकतात, डोळे पांढरे, आणि दोन माणसं त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळताहेत.

पंढरीचा मेंदू मोठा नव्हता, पण जलद होता. गेल्याच महिन्यात गुणाजीनं मिठाच्या नाक्यावरच्या सरकारी शिपायाला आईवरून शिवी दिली होती. ठाण्याच्या किल्ल्यात तुरुंग आहे आणि तुरुंगात काय चालतं ते साऱ्या जिल्ह्याला ठाऊक. पंढरीनं गाडी जुंपली ती थेट कोपरीत आणली.

"सरकारनं गुणाजीला टांगला!" त्यानं वेशीवरूनच ओरडा केला. "कफन बी गुंडाललं! मी या डोल्यांनी बघितला!"

प्रेत मागायला ठाण्याला जाण्याची छाती कुणाची? फाशी दिलेल्याचं प्रेत मागायला जाणाराही आत जातो, असा बोलवा होता. हौसाबाईनं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. गावानं खाडीवर जाऊन गुणाजीच्या नावानं भाताचं पान ठेवलं. कावळा काही शिवेना. धोंडीबा पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "गुणाजी, तुज्या मानाची काळजी करू नको. नारल मी फोडीन." तत्क्षणी कावळा खाली आला आणि घास घेऊन गेला. धोंडीबाच्या मनातला शेवटचा संकोच त्या कावळ्यानं उचलून नेला.

इकडे गुणाजी दवाखान्यात फळीवर पडून वाळत होता. टांगलेलं असताना त्याला घेरी आली होती. त्या घेरीत त्यानं एक चमत्कारिक गोष्ट पाहिली होती. आपण आगराच्या बांधावर उभे आहोत, पाठ ताठ आहे, कुठं म्हणून दुखत नाही, आणि लांबवर ठाण्याच्या बाजूला कुणीतरी वाकडा माणूस टांगला जातोय. शुद्धीवर आल्यावर त्यानं हे कुणाला सांगितलं नाही.

कवच खडखडीत वाळलं तेव्हा डॉक्टरांनी त्याला सोडलं. गाडीचा पत्ता नव्हता. कोपरी काही लांब नाही, म्हणून गुणाजी पंढरीला शिव्या मोजत चालत निघाला. गळ्यापासून कंबरेखालपर्यंत तो पांढराशुभ्र होता. अंगरखा चढत नव्हता. मिशांवर, भुवयांवर पीठ वाळलेलं. मान वळत नव्हती. वाटेत भेटलेली माणसं रस्ता सोडून शेतात शिरत होती. गुणाजीला वाटलं, आपण ताठ चालतोय म्हणून मान देताहेत.

घराला कुलूप. गल्ली सुनी. मग त्याला आठवलं, आज पहिलं मीठ! तो तसाच आगराकडे वळला.

ऊन डोक्यावर आलं होतं. आगर भर दुपारी कसा दिसतो ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. वारा पडलेला, वाफ्यांतलं पाणी आरशासारखं, जुन्या मिठाच्या राशी डोळ्यांत खुपणाऱ्या, आणि माणसाचा आवाज जवळ असून लांबचा वाटतो. सारा गाव चेडोबाच्या दगडापुढे उभा होता. धोंडीबानं नारळ डोक्यावर उचलला. तेवढ्यात मिठाच्या राशींतली एक रास हलली आणि बांधावरून चालत येऊ लागली.

"धोंडीबा, नारल खाली ठेव," रास म्हणाली.

कवचामुळे गुणाजीला अर्धाच श्वास घेता येई. त्यामुळे त्याचा आवाज रिकाम्या रांजणातून यावा तसा आला. धोंडीबाच्या हातून नारळ सुटला आणि तो स्वतः त्याच्यामागोमाग चिखलात आडवा झाला. "चेडोबा, चुकलो! मना सोड!"

"चेडोबा नाय रे तो," पंढरी दातांवर दात वाजवत म्हणाला. "गुणाजी हाय. कफनासकट आयलाय. त्याचं पाय बघा. उलटं हायत का बघा कोनी!"

पण बघणार कोण? सारा गाव चिखलात तोंड खुपसून पडला होता.

"सुलटं हायत!" गुणाजी गरजला. आणि त्याची त्यालाच शंका आली.

कारण ठाण्यापासून त्यानं आपली पावलं पाहिलीच नव्हती. इतके दिवस त्यांच्याखेरीज काही दिसत नव्हतं, आणि आता नेमकी तीच दिसत नव्हती. त्यानं मान खाली घातली. हनुवटी कवचाच्या काठावर टक् करून आपटली. सावली पाहावी, तर तीही पायांशीच गोळा झालेली. मग त्याला युक्ती सुचली. चिखलात आपले ठसे असतील! तो अख्खा वळला. ठसे होते खरे, पण कुणीतरी खाडीचं पाणी अडवणारं दार, उघाडी, उघडी टाकली होती, भरतीचं पाणी बांधावर चढत होतं आणि एकेक ठसा हळूहळू पुसत येत होतं. शेवटचा त्याच्या डोळ्यांदेखत पुसला गेला.

गुणाजीला दवाखान्यातलं सारं आठवलं. ती घेरी. तो बांध, ती न दुखणारी पाठ. आत्ता तरी कुठं दुखत होतं? त्यानं हौसाबाईकडे पाहिलं. तिचं कपाळ मोकळं होतं.

"हौसे," तो हलकेच म्हणाला, "मी कवा गेलो गो?"

हौसाबाईनं डोळे घट्ट मिटून हुंदका दिला. तेव्हा गोदा उठली. तिनं पदर खोचला, गुणाजीला वळसा घातला, त्याच्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, माफ करा." आणि ज्या लाथेपायी त्यानं फाशी पत्करली होती, ती लाथ तिनं साऱ्या गावासमोर त्याच्या पाठीत घातली.

ठण् असा आवाज झाला. गुणाजी वाट पाहत राहिला. काहीच झालं नाही.

"मना लागला नाय!" त्यानं हंबरडा फोडला. "हौसे, मना लागलाच नाय! मी मेलोय गो!"

गोदा अंगठा धरून एका पायावर नाचत होती, ते त्याला दिसणं शक्य नव्हतं. गुणाजी रडत होता, गाव थरथरत होता आणि भरतीचं पाणी पहिल्या वाफ्याच्या काठाशी आलं होतं. वाफ्यात वर्षाचं पहिलं मीठ होतं. गुणाजीची नजर त्या पाण्यावर गेली आणि त्याचं रडं जागच्या जागी थिजलं.

"उघाडी कोनी उघडी टाकली?" त्याचा आवाज फाटला. "पंढऱ्या, तुज्या बापानं का? धोंड्या, लोलतोस काय म्हशीवानी! मीठ चाललं ना खाडीत! उठा रे भडव्यांनो, मी मेलो म्हनून काय आगर बुडवाल?"

हौसाबाईनं डोळे उघडले. "तोच हाय," ती म्हणाली. "मेलेला मानूस एवढा वसवसत नाय."

मग धावाधाव झाली, उघाडी बंद झाली, मीठ वाचलं. धोंडीबानं खाली मान घालून नारळ गुणाजीच्या हातात दिला. गुणाजीला वाकून तो आपटता येईना, म्हणून त्यानं डोक्यावरून नुसता सोडून दिला. दगडावर पडून त्याची दोन शकलं झाली, अगदी सारखी. अशी शकलं कोपरीत कुणी पाहिली नव्हती.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण हौसाबाईला एक शंका आली.

"तुमच्या पानाला कावला शिवला," ती म्हणाली. "शिवला म्हंजे कोनीतरी जेवला. तुमी तर हितं. मग जेवला कोन? आनि जो जेवला त्याला उपाशी कसा ठेवाचा?"

गावानं विचार केला. एकदा मेलेल्यासाठी काढलेलं पान मोडता येत नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. तेव्हापासून दर अमावास्येला गुणाजीच्या नावाचं दुसरं पान आगरावर जाऊ लागलं. गेलेल्याला आवडीचं वाढायचं, म्हणून त्या पानावर खाडीतल्या माशाची, जिताड्याची तुकडी असे. जिवंत गुणाजीला डॉक्टरांचं पथ्य. तो भिंतीला दारासारखा टेकून उभा राही, माडाच्या हिराच्या काडीनं कवचाच्या आत खाजवी, पेज पिई आणि आपलंच जिताडं आपल्यासमोरून जाताना पाही.

चैत्र संपला. डॉक्टरांनी कवच मधोमध चिरलं. पाठ सरळ झाली होती. "पाहिलंत? हा कवचाचा गुण," डॉक्टर म्हणाले. कोपरीत एकानंही ते मानलं नाही. लाथ सगळ्यांनी पाहिली होती. गुणाजीनं मात्र दोघांचंही ऐकलं नाही. त्यानं हळूच वाकून पहिली पाहिली ती आपली पावलं. सुलटी होती. तो इतका हसला की कंपाउंडर घाबरला.

कवच टाकायचं कुठं? गोदा म्हणाली, "त्याचा हाय, त्याला द्या." तिनं ते आगरावर नेलं आणि दोन्ही बाजू सुंभानं बांधून चेडोबाशेजारी उभं केलं. दुरून वाटे, एक माणूस पाठमोरा उभा आहे. त्याच्यापुढे पान ठेवलं जाई. जाता-येता लोक त्याला नमस्कार करत, धोंडीबा सर्वांत खाली वाकून. गुणाजीलाही करावा लागे. स्वतःच्याच पाठीच्या पाया पडणारा तो ठाणे जिल्ह्यातला पहिलाच माणूस असावा.

पुढच्या माघात सोमवारी अमावास्या आली. घरात कडक उपास. "त्याला कसला सोमवार?" म्हणून हौसाबाईनं जिताडं मात्र केलं आणि गोदा पान घेऊन आगरावर गेली. भर दुपार होती. गुणाजी रिकाम्या पोटी ओटीवर बसला होता. बसल्या बसल्या त्याला पोटात ऊब वाटू लागली. भूक कुठच्या कुठं गेली. आणि मग त्याला ढेकर आली. कोकमाची, तिखटाची, ताज्या जिताड्याची. पाठोपाठ घशात काहीतरी टोचलं.

तो खोकतच होता तेवढ्यात गोदा परत आली. पान स्वच्छ, धुतल्यासारखं.

"कावला आयला होता?" गुणाजीनं कसंबसं विचारलं.

"नाय." गोदा नेहमीप्रमाणे त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती. "आज घाई केली त्यानं. काटा अडकलाय. पानी प्या, मामा."

गुणाजीनं तांब्या तोंडाला लावला. काटा खाली उतरला. आगराच्या बाजूला वळून पाहायचं त्यानं टाळलं. मग, घरात कुणाचं लक्ष नाही असं पाहून, तो सावकाश वाकला आणि आपली पावलं पाहू लागला.