दिनानाथांचं नाक

पाहुणे यायला अजून वेळ होता, तरी दिनानाथ सकाळपासून घरभर हुंगत फिरत होते. त्यांच्या बायकोला, सुलूताईंना, हसावं की रडावं ते कळेना. तारापूरच्या रसायनांच्या कारखान्यात उभी हयात काढल्यापासून दिनानाथांच्या नाकाचा आणि वासाचा काडीमोड झाला होता. लसणाची फोडणी त्यांना कानाने कळायची.

"वास येतोय काय गं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"कसला?"

"कंपनीचा. खरं सांग."

"तुमी विचारलंत की येतो. नाय विचारलं की नाय येत."

दिनानाथांचंही चुकत नव्हतं. लेकीचं, जागृतीचं, मागचं स्थळ या वासापायीच मोडलं होतं. मुलगी पसंत, घर पसंत, पण इथे कुंभवलीला सणावारी यायचं तर नाकाला रुमाल लावून यावं लागेल, असं म्हणून ती मंडळी गेली ती गेलीच. आता सफाळ्याचा प्रणव यायचा होता. बरोबर त्याची आई भागीताई आणि विश्राममामा. मामांच्या शब्दाशिवाय त्या घरात पान हलत नव्हतं. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं दिनानाथांनी पक्कं ठरवलं होतं. त्यांनी सगळ्या खिडक्या लावल्या आणि बाहेरच्या खोलीत एवढा धूप घातला की भिंतीवरचं घड्याळ दिसेनासं झालं.

पाहुणे आले, बसले. विश्राममामांनी घाम पुसायला खिशातून रुमाल काढला आणि दिनानाथांना मागचं स्थळ आठवलं.

"त्यो वास रोज नसतो बरं का," ते बोलून गेले.

"कसला वास?"

"कंपनीचा. आज वारा जरा इकडचा हाय."

मामांनी आतापर्यंत नाकाकडे लक्षच दिलं नव्हतं. आता त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "हां. सडक्या अंड्यासारखा."

"मला रॉकेलसारखा वाटतोय," भागीताई म्हणाल्या. "डोळे पण चुरचुरतात."

डोळे धुपाने चुरचुरत होते, पण ते कुणाच्या ध्यानात येणार? पाहुण्यांचा शब्द खाली पडू नये म्हणून दिनानाथ म्हणाले, "आज जास्तच हाय." आणि काय सांगावं, इतकी वर्षं मेलेलं त्यांचं नाक खरोखर झोंबायला लागलं. घसा खवखवला. सुलूताई शेगडीवरचा शिरा मंद आचेवर ठेवून पाण्याचा ट्रे घेऊन आल्या, तर सगळ्यांच्या नाकाला रुमाल.

"काय झालं?"

"गॅस सुटलाय."

सुलूताईंनी ट्रे खाली ठेवला आणि त्यांनाही ठसका लागला.

गॅस सुटला की कुंभवलीची माणसं आधी माडांचे शेंडे बघतात आणि वारा येतो त्या बाजूला चालू लागतात. दिनानाथ पाहुण्यांना घेऊन बाहेर आले. साडी नेसून तयार झालेली जागृतीही मागोमाग आली. नाकाला रुमाल लावलेली माणसं बघून शेजारी बाहेर पडले. एकाला तर म्हणे पहाटेपासूनच वास येत होता. पण माडाची झावळी हलेना. मग सगळी गल्ली थोडी इकडे गेली, थोडी तिकडे आली. भागीताईंना गरगरलं, त्या कुणाच्या तरी स्कूटरवर टेकल्या.

"दिनानाथराव," मामा रुमालातून म्हणाले, "मुलगी चांगलीच हाय, पण..."

हा 'पण' दिनानाथांच्या चांगल्या ओळखीचा होता.

तेवढ्यात शेजारचा देवू मोटारसायकलवरून आला. हा कारखान्यात ऑपरेटर.

"तुमच्या कंपनीतून सुटलाय," दिनानाथ त्याच्यावर उखडले.

"काय सुटलाय? वायरींचं काम चाललंय, कालपासून सगळ्या कंपन्यांची लाईट बंद. एक चिमणी चालू नाय. आज तर आंब्याचा मोहोर असता तर त्याचा वास आला असता."

एकेक रुमाल हळूच खिशात गेला. भागीताईंची गरगर थांबली आणि शेजारी आपापल्या दारात नाहीसे झाले.

"भास झाला असंल," मामा ओशाळून म्हणाले.

"भासच," दिनानाथांनी घाईघाईने मान डोलावली.

सगळे आत येऊन बसले. जरा वेळाने मामांचं नाक हललं. त्यांनी भागीताईंकडे बघितलं. भागीताईंनी छताकडे बघितलं. प्रणवने तोंड उघडलं, तर मामांनी त्याचा पाय दाबला. एकदा फजिती झाली तेवढी पुरे होती. एकटे दिनानाथ तेवढे निवांत होते, कारण त्यांना खरोखरच कसलाच वास येत नव्हता.

"आई," जागृती म्हणाली, "शिरा करपतोय."

"भास गं तो," सुलूताई पाहुण्यांकडे बघून हसल्या.

जागृती उठली, आत गेली आणि धुरकटलेलं पातेलं फडक्यात धरून बाहेर आली. शिरा तळापासून वरपर्यंत काळा पडला होता. ते तिने मधोमध ठेवलं.

"हा बघा भास."

दिनानाथांनी डोळेच मिटले. हेही स्थळ गेलं. मामांनी पातेल्यात डोकावून बघितलं.

"एवढ्या माणसांत हिचंच नाक जागेवर हाय," ते म्हणाले. "आणि तोंडही. आमच्या घरात मी बोललो की सगळ्यांना तसाच वास येतो. ही आली तर बरं होईल."

"मला पण मघापासून येत होता," प्रणव पुटपुटला.

"मग बोलायचं," जागृती म्हणाली. तो लाजला. भागीताई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

दिनानाथांनी डोळे उघडले. त्यांना भरून आलं होतं. त्यांनी पातेलं जवळ ओढलं, वाकून छातीभर श्वास घेतला आणि सुलूताईंना म्हणाले, "वेलचीचा काय सुंदर वास येतोय गं."