सगळ्यांच्या छातीवर चिमणी

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं कळणारी एकटी मीच! म्हणून आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा घरच्यांच्या आणि पाहुण्यांच्या छातीवर लावायचे बिल्ले मी करणार, हे मी परस्पर जाहीर करून टाकलं. बिल्ल्यावर ज्याचं त्याचं लहानपणीचं लाडाचं नाव!

"एकेकाला फोन करून विचार की," ताई म्हणाली.

"छे! प्रोग्रॅम लिहिते. येणार असल्याच्या मेसेजमध्येच 'मला अमुक म्हणायचे' असं लिहा, म्हणून सगळ्यांना कळवलंय. 'मला' आणि 'म्हणायचे' यांच्या मधलं नाव तो आपोआप उचलेल."

"मोठ्या काकांचा मान राख हं," आई कुजबुजली. काका म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. एका कपाटाच्या वाटणीवरून बाबांशी वर्षानुवर्षं अबोला धरलेला. यंदा कसेबसे यायला तयार झाले होते.

पहिला मेसेज मावशीचा. 'मला चिमणी म्हणायचे.' प्रोग्रॅमने 'चिमणी' अलगद टिपलं. मी खूश! बाकीचं न बघताच छापून टाकलं.

समारंभाच्या दिवशी आत्या दारातच अडली. "अगं, मी कधीपासून चिमणी?"

पाठोपाठ आत्याचे यजमान. चिमणी! शेजारचे दाढीवाले डॉक्टर. चिमणी!

मी घाईघाईने फोनवरचे मेसेज उघडले. बाकीच्यांनी नुसतं 'येतो' एवढंच कळवलं होतं. आणि मी प्रोग्रॅम लिहिला ती कॉम्प्युटरची भाषा अशी हट्टी, की नवीन काही जुळलं नाही तर आधी सापडलेलंच नाव मुठीत धरून बसते. 'जुळलं का?' हे आपण विचारायचं असतं. मी विचारलंच नव्हतं!

तेवढ्यात काका आले. बिल्ला नाकाजवळ धरून त्यांनी वाचला.

"हा चावटपणा कुणाचा?" ते गरजले आणि तरातरा बाबांपुढे जाऊन उभे राहिले. बाबांच्या कोटावरही चिमणी!

दोघे एकमेकांच्या छातीकडे बघत राहिले. मग काकांच्या मिशा थरथरल्या.

"काय चिमणे, बरी आहेस ना?"

"तुझीच वाट बघत होते गं!" बाबा म्हणाले. दोघे असे हसले, की बाबांची कवळी पडता पडता राहिली.

आता दोघंही नाहीत. पण एकाच सोफ्यावर खेटून, शाळेतल्या मास्तरांच्या नकला करत बसलेले ते दोघे म्हातारे मला अजून दिसतात.

खरी चिमणी मात्र उशिरा पोचली. तोवर पोरांनी उरलेले बिल्ले पळवलेले!

"माझं नाव गावभर वाटलंस, आणि मलाच नाही?" मावशी फुरंगटली.

मी घाईघाईने पुठ्ठा कापला, ठळक अक्षरांत लिहिलं आणि तिच्या खांद्यावर लावलं. संध्याकाळभर ती ऐटीत मिरवली. फोटो आले तेव्हा कळलं, मी 'चिमटी' लिहिलं होतं!