न्याहारीचे पेडणेकर

आमच्या बिल्डिंगमध्ये सकाळी सात वाजता घंटा वाजली की नवे भाडेकरू घाबरून बाहेर येत. त्यांना वाटे, आग लागली किंवा नळाला पाणी आलं. दोन्ही गोष्टी तशा दुर्मिळच. जुने रहिवासी मात्र कूस बदलून म्हणत, "पेडणेकर सुट्टीवर आलेले दिसतायत." दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, वर पांढराशुभ्र कोट आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा अशा थाटात मनोहर पेडणेकर पितळी घंटा हलवत उभे असत. "गुड मॉर्निंग, लेडीज अँड जंटलमेन! ब्रेकफास्ट इज सर्व्ड. सेकंड फ्लोअर, डावी बाजू!"

ही गोष्ट एकोणीसशे नव्वदच्या आसपासची. आम्ही गिरगावातली खोली सोडून भाईंदरला जेसल पार्कात आलो होतो. आमचे मुंबईतले नातेवाईक तेव्हा आमच्याकडे यायचं म्हणजे घरच्यांचा रीतसर निरोप घेऊन निघत. त्या ओसाडीत आम्हाला समोरच्या दाराचा शेजार मिळाला तो पेडणेकरांचा.

पेडणेकर बोटीवर आचारी होते. बोट मालवाहू नव्हे. सुट्टी घालवायला आलेल्या गोऱ्या कुटुंबांना बायकापोरांसकट बेटाबेटांवरून फिरवून आणणारी. दहा महिने समुद्रावर, दोन महिने भाईंदरला. त्यातही त्यांच्याकडे फक्त न्याहारीचं खातं. "जेवणाशी माझा काही संबंध नाही, सर," ते मला म्हणत. "साडेदहानंतर मी अडाणी." ते सगळ्यांनाच सर म्हणत. मला, दूधवाल्याला, टँकरवाल्यालासुद्धा. टँकरवाल्याला तर ते हात जोडून सर म्हणत, पण तसं आम्ही सगळेच म्हणायचो.

घरी आले की ते घराची बोट करून टाकत. स्वयंपाकघर म्हणजे गॅली, गच्ची म्हणजे अप्पर डेक, आणि तळमजल्यावर पाण्याचा पंप होता म्हणून ती इंजिन रूम. सोसायटीचे सेक्रेटरी कर्णिक तळमजल्यावरच राहत. आपण इंजिन रूममध्ये राहतो हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. पेडणेकरवहिनींना त्या दोन महिन्यांत गॅलीत प्रवेश नसे. बिचाऱ्या आमच्याकडे चहा प्यायला येत आणि आमच्या ओट्याला प्रेमाने हात लावून बघत.

पेडणेकरांचा एक सिद्धांत होता. तो ते दिवसातून चारदा तरी सांगत. "पोटाला देश बघायचा नसतो, सर." मग उदाहरण ठरलेलं. बाहेर निळाशार समुद्र, टेबलावर पंधरा प्रकारचे पाव, आठ प्रकारची अंडी, कापून ठेवलेला अननस. आणि पाच वर्षांचं गोरं पोरगं भोकाड पसरून रडतंय. का? तर घरी रोज खातो तो साखरेचा चुरचुरीत खाऊ दुधात घालून पाहिजे. "आईबाप जग दाखवायला घेऊन आलेत. पण सकाळी सात वाजता पोराला जग नको असतं. ओळखीचं द्या, सर, ओळखीचं! एकदा ओळखीचं पोटात गेलं की मग तो दिवसभर तुमचा अननस खाईल."

माणूस काय खात मोठा झाला हे आपण बघता क्षणी ओळखतो, असा त्यांचा दावा होता. मला ती थाप वाटायची. मग एकदा माझा मेहुणा आला. पेडणेकरांनी अदबीने विचारलं, "सर, आपण घरी सकाळी काय घेता?" बोटीवरच्या माणसावर छाप पाडायची म्हणून मेहुणा म्हणाला, "टोस्ट-बटर." पेडणेकरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दहा मिनिटांत समोर फोडणीचा भात आणून ठेवला. मेहुण्याने दोन बशा संपवल्या. "टोस्टवाला माणूस बोटाने बशीची कड पुसत नाही, सर," पेडणेकर मला हळूच म्हणाले. तेव्हापासून मी त्यांच्यासमोर फार जपून खात असे.

अशा माणसाच्या डोक्यात एका वर्षी आलं, की बिल्डिंगमधल्या सगळ्या कुटुंबांना बोटीची सहल घडवायची. उत्तनजवळच्या चौक गावात त्यांच्या ओळखीचे हरीदादा म्हणून एक तांडेल होते. त्यांची मासेमारीची बोट एका रविवारी सकाळी मोकळी मिळणार होती. किनाऱ्याकिनाऱ्याने दोन तास फिरायचं आणि परत यायचं. "क्रूझ, सर! संपूर्ण कौटुंबिक क्रूझ!" कर्णिकांनी विचारलं, की बोटीला मासळीचा वास येईल का. पेडणेकर म्हणाले, "समुद्रालाच येतो, सर."

पंधरा दिवस ते वही घेऊन दारोदार फिरले. प्रत्येक पोर सकाळी काय खातं, कसं खातं, काय बाजूला काढून ठेवतं, सगळं लिहून घेतलं. हंसाबेन म्हणाल्या, "अरे पेडणेकरभाई, मेरा चिंटू तो थेपला के सिवा कुछ खाता ज नहीं." लिहिलं. नायरांच्या धाकटीला इडली, पण चटणी लांब. आमच्या बंड्याला पोहे, पण शेंगदाणे दिसता कामा नयेत. "दिसता कामा नयेत की असता कामा नयेत, मॅडम?" असं त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. बिल्डिंगमध्ये सतरा पोरं. सहलीच्या आधी सोळा पोरांच्या न्याहाऱ्या त्या वहीत आल्या.

मग एका संध्याकाळी ते मला जिन्यात भेटले. आजूबाजूला कुणी नाही हे बघून म्हणाले, "सर, एक विचारू? आमची मनू तुमच्याकडे असते ना पुष्कळदा. ती सकाळी काय खाते हो?"

मला आधी हसूच आलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हसू आवरलं. मनू त्यांची एकुलती एक मुलगी, नऊ वर्षांची. "मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी साखरआंबा-पोळी केली होती," ते म्हणाले. "मागच्या खेपेला तिला फार आवडायची. बरणीभर साखरआंबा करून ठेवला. तिने अर्धी पोळी खाल्ली आणि थँक यू म्हणाली. पॅन केक केले, थँक यू. आमलेट, थँक यू. बोटीवर पॅसेंजर म्हणतात ना, सर, तसं म्हणते ती मला."

"वहिनींना विचारा की."

"हिला विचारलं. ही म्हणते, तुम्ही द्याल ते खाते."

आता मला काय माहीत होतं? मी सकाळी सव्वासहाला ऑफिसला निघणारा माणूस. पण माहीत नाही म्हणणं आमच्या घराण्यात नाही. दर रविवारी आमच्याकडे शिरा होतो आणि मनू तो खाते, हे मी पाहिलं होतं. मी छातीठोकपणे म्हणालो, "शिरा." पेडणेकरांचा चेहरा असा उजळला, की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

रविवारी आम्ही सगळे चौकला पोचलो. पेडणेकर कडक इस्त्रीच्या कोटात. बोट सुटली, किनारा मागे पडला, आणि त्यांनी नाव घालून एकेका पोराला डबा दिला. चिंटूला थेपला. नायरांच्या धाकटीला इडली, चटणी वेगळ्या डबीत. बंड्याच्या पोह्यांत दाण्याचं कूट होतं, आणि त्या गाढवाने चाटूनपुसून खाल्ले. शेवटचा डबा मनूचा. केशर, बेदाणे, वर बदामाचे काप. पेडणेकर तिच्यासमोर उकिडवे बसून राहिले. मनूने दोन घास खाल्ले. "थँक यू, बाबा," ती म्हणाली.

तेवढ्यात वारा उठला. बोट हेलकावे खाऊ लागली. पहिले ओकले कर्णिक. मग सगळी क्रूझच कठड्याला लागली. मनू पांढरीफटक पडली, तिला उलटी झाली आणि ती रडायला लागली. वहिनी तिला धरायला गेल्या. पेडणेकर शिऱ्याचा डबा हातात घेऊन "थोडंसं, बाळा, थोडंसं" करत होते. तेव्हा ती पोर हुंदके देत ओरडली, "मला नको ते! मला चहा-चपाती पाहिजे!"

माझ्या बायकोने माझ्याकडे असं बघितलं, की मला समुद्र बरा वाटला. "शिरा तुम्ही सांगितलात?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "आपल्याकडे खाते ती पाहुणी म्हणून. एरवी घरी रोज सकाळी कालची चपाती चहात बुडवून खाते." वहिनी खाली मान घालून म्हणाल्या, "एवढे मोठे तुम्ही, परदेशी माणसांना खायला घालता. तुमची लेक शिळी चपाती खाते, हे कसं सांगू तुम्हाला?"

पेडणेकर उठले. मला वाटलं, आता चिडणार. ते डुलत डुलत सुकाणूपाशी हरीदादांकडे गेले. "दादा, तुमच्या न्याहारीतलं काही आहे?"

"भाकरी हाय तांदलाची. चाय हाय कोरी. दूध न्हाय."

पेडणेकरांनी भाकरी आणि चहाची किटली आणली. कोट त्या ओल्या फळीवर तसाच टेकवून मनूशेजारी मांडी घातली. भाकरी मोडली, चहात बुडवली, तिच्या हातात दिली. ती खाऊ लागली. दुसरा तुकडा तिने स्वतः बुडवला. तिसरा बुडवताना थांबली आणि म्हणाली, "जास्त वेळ नाही ठेवायचा बाबा, तुटतो." तिने बुडवून त्यांच्या हातात दिला. तरी त्यांच्या हातात तो तुटलाच आणि पांढऱ्या कोटावर पडला. मनू हसली. थँक यू म्हणायची विसरली.

परत येताना बसमध्ये पेडणेकर माझ्या शेजारी बसले. कोटावरचा डाग पुसायचा त्यांनी प्रयत्नही केला नव्हता. मी शिऱ्याबद्दल माफी मागितली. "तुमचं काय चुकलं, सर?" ते म्हणाले. "मी पुढच्या वर्षी येईन. तेव्हा चहा-चपाती करून ठेवीन. आणि तोवर ती दुसरंच काहीतरी खात असेल." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हिला असलं नाही लिहिवत. तुम्ही लिहाल का मला? बाकी काही नको. ती सध्या काय खाते, तेवढंच."

सख्ख्या भावाला वर्षानुवर्षं पत्र न लिहिणारा मी पेडणेकरांना महिन्याला एक पत्र लिहू लागलो. मजकूर अर्थात बायकोचा. माझ्यावर तिचा विश्वास उरला नव्हता. एका पत्रात लिहिलं: मनूने चहा सोडला, सध्या दूध आणि खारी चालू आहे, खारी बुडवून नव्हे, कोरडी.

दीड महिन्याने कुठल्याशा बेटाचा शिक्का मारलेलं कार्ड आलं. गिचमिड अक्षरात एवढंच होतं: "सर, पत्र मिळालं. इथे खारी मिळत नाही. पाव भट्टीत कडक करून घेतला. आज सकाळी मीपण तेच खाल्लं."