चार दिवसांची खोली

"चार दिवसांसाठी भिंती कोण रंगवतं!" मागच्या खोलीतून पुटपुटणं ऐकू आलं. आमचे हे ब्रश धूत होते. मी ऐकलंच नाही. संसार मुरला की कानांना दार बसतं.

सासूबाई यायच्या होत्या. फोनवर म्हणाल्या, "चार दिवस येते गं." घसरून पडल्यापासून त्यांना जिना चढवत नव्हता, घराची किल्लीसुद्धा घरमालकाला देऊन झाली होती. तरी आम्ही सगळे चारच दिवस धरून बसलो होतो. 'कायमची ये' म्हटलं तर आईला लाचार वाटेल, ही ह्यांची भीती. मला वाटे, त्यांनीच म्हणावं. चार दिवस सासूचे म्हणतात, पण ते मोजलेत कोणी?

आता रंगाच्या बाबतीत माझा डोळा कधी चुकत नाही. मला सायीचा रंग हवा होता, ह्यांना फिकट हिरवा. दोन छोटे डबे आणले आणि खिडकीजवळ तळहाताएवढे दोन पट्टे मारले. दुपारच्या उन्हात साय जिंकली. दिवा लावल्यावर हिरवा. एवढ्याशा तुकड्यावरून काय कळणार, असं म्हणत ह्यांनी आपला पट्टा टॉवेलएवढा केला. हे आंघोळीला गेले, तेवढ्यात मी माझा चादरीएवढा. मी भाजी घेऊन परतले, तर हिरवळ चरत चरत दारापर्यंत पोचलेली! डबे संपले तेव्हा अर्धी खोली दुधात बुडालेली, अर्धी शेवाळलेली, आणि मधोमध जुन्या पांढऱ्या भिंतीची फट.

नेमक्या सासूबाई एक दिवस आधीच आल्या. मागे टेम्पो. त्यात कपाट, शिलाई मशीन, आरामखुर्ची.

"चार दिवसांचं सामान आहे," ह्यांनी टेम्पोवाल्याला समजावलं. तो नुसता कपाटाकडे बघत राहिला.

सासूबाई खोलीत शिरल्या, जास्वंदीची कुंडी पोटाशी धरून. हल्ली अशीच फॅशन आहे, असं मी सांगून टाकलं. ह्यांनी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच आमचं एकमत झालं.

"तुम्हाला कुठला बरा वाटतो, आई?" मी विचारलं.

त्यांनी भिंतीवर बोट फिरवलं. हिरवं झालेलं बोट पदराला पुसलं. मग कुंडी खिडकीत ठेवली, नीट, उन्हाकडे तोंड करून.

"चार दिवसांना कुठलाही चालला असता," त्या म्हणाल्या. "पण मी आता परत जायची नाही. तेव्हा हे दोन्ही घालवा, आणि निळा आणा."