श्रीधरपंतांची वसुबारस

श्रीधरपंत चित्रातल्या गाईसमोर दुधाचा चहा पीत नाहीत. कप घेऊन बाहेर जिन्यात येतात. "वासरू बघतंय," म्हणतात. वासरूही त्यांनीच काढलेलं.

कसबा पेठेत आमची दारं समोरासमोर. नोकरी संपल्यावर हा गृहस्थ नाथद्वाऱ्याला जाऊन कापडावर देवाची चित्रं काढायला शिकून आला, आणि तेव्हापासून नुसत्या गाईच काढतो. कृष्ण कोपऱ्यात, बोटाएवढा. विचारलं तर उत्तर मिळतं, "तो सगळीकडे असतो. पेठेत गाय दिसते का कुठे?"

खरंच दिसत नाही. म्हणून वसुबारसेला आम्ही गल्लीतल्या बायका पंतांच्या चित्रातल्या गाय-वासराचीच पूजा करतो. पंत बाजूला पहाऱ्याला उभे. "कुंकू ताटात वाहा. हे कापड आहे, कपाळ नाही." वर्षभर खपून केलेलं चित्र, बोट लावाल तर पुढच्या वर्षी दार बंद, अशी तंबीच होती.

यंदा माझ्याबरोबर पारूबाई आल्या. मूळच्या हिंजवडीच्या. रान गेलं, गोठा गेला, आता आमच्या वरच्या मजल्यावर लेकीकडे असतात. मी हात धरायच्या आत त्यांनी गाईच्या कपाळाला ओलं कुंकू लावलं, वर पाठीवरून हात फिरवला. झालं, म्हटलं, आता म्हातारीचं काही खरं नाही.

पारूबाईंचं पंतांकडे लक्षच नव्हतं. "आमची कपिली अशीच व्हती," त्या म्हणाल्या. "पर वासरू लई लांब उभं केलंय तुम्ही. पाजायचं कसं तिनं?"

पंतांच्या चित्राला नावं ठेवून कुणी सुखरूप परत गेल्याचं मला आठवत नाही. पण ते चष्मा पुसून वासराकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "कपिलीचं वासरू कसं होतं?"

"पांढरं. एक कान काळा. गाय इकली, तवापासनं माझ्याच मागं मागं फिरायचं."

"उद्या या," पंत म्हणाले. "नवं कापड घेतो. तुम्ही सांगा, मी काढतो."

सकाळीच त्यांनी माझी बेल वाजवली. "एक खुर्ची द्या. माझ्याकडे एकच आहे, आणि पारूबाईंना खाली बसवत नाही."

इतकी वर्षं समोर राहून मला ठाऊक नव्हतं, या माणसाच्या घरात एकच खुर्ची आहे. मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "परत कधी आणून देताय?"

"मागायला येऊ नका," पंत खुर्ची उचलत म्हणाले. "हे चित्र मी सावकाश काढणार आहे."